मधुमेहात कानांची तपासणी कशी करावी

मधुमेहाचे निदान झाले की डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पाय तपासून घ्यायला सांगितले जाते; कान मात्र बहुधा राहून जातात. अमेरिकेतील साथरोगशास्त्रज्ञ कॅथलीन बेनब्रिज आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २० ते ६९ वर्षांच्या ५,१४० व्यक्तींच्या नोंदी तपासल्या होत्या. जास्त बिघडलेल्या कानाचा विचार केला, तर वरच्या पट्टीतील श्रवणऱ्हास (बारीक, उंच आवाज कमी ऐकू येणे) मधुमेह असलेल्या ५४ टक्के आणि नसलेल्या ३२ टक्के व्यक्तींत आढळला. वय, गोंगाट व धूम्रपान यांचा परिणाम वजा केल्यावरही हा संबंध टिकून राहिला. साखरेमुळे अंतर्कर्णातील सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांना इजा होत असावी, असे त्याचे संभाव्य स्पष्टीकरण आहे.

म्हणून निदान होताच आणि पुढे दरवर्षी ‘प्युअर टोन ऑडिओमेट्री’ (वेगवेगळ्या पट्टीचे आवाज ऐकवून प्रत्येक कानाला किमान किती मोठा आवाज ऐकू येतो, हे मोजणारी तपासणी) करून घ्यावी. आधी कानातील मळ डॉक्टरांकडून तपासून घ्यावा, आदल्या दिवशी मोठा आवाज टाळावा आणि जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी कानाला इजा करू शकणारी प्रतिजैविके घेतली असल्यास ते तपासनिसाला सांगावे.

अहवाल हातात आल्यावर खाली लिहिलेल्या ‘नॉर्मल’ या एका शब्दावर थांबू नये. आलेखात उजव्या कानासाठी लाल गोल, तर डाव्यासाठी निळी फुली असते. चिन्ह जितके खाली, तितके ऐकणे कमी. बेनब्रिज यांच्या अभ्यासाप्रमाणे प्रत्येक कानाच्या दोन सरासऱ्या काढाव्यात : पहिली ५००, १००० आणि २००० हर्ट्झची (हर्ट्झ हे आवाजाची पट्टी मोजण्याचे एकक), दुसरी ३०००, ४०००, ६००० आणि ८००० हर्ट्झची. समजा, दुसऱ्या गटातील आकडे ३०, ४०, ४५ आणि ४५ डेसिबल आहेत, तर सरासरी ४० येते. अभ्यासात २५ च्या वरची सरासरी श्रवणऱ्हास मानली होती. पहिली सरासरी १८ असली, तर समोरासमोरचे बोलणे नीट ऐकू येते आणि बिघाड घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या मते या तपासणीचे खरे मोल इथेच आहे. पुढच्या वर्षी तुलना करता यावी, यासाठी मूळ आलेख जपून ठेवावा.

हवेच्या प्रदूषणाचा प्रश्नही मधुमेहाशी जोडलेला आहे. दिल्ली आणि चेन्नईतील दीर्घकालीन अभ्यासात पीएम २.५ या सूक्ष्म कणांचे प्रमाण आणि मधुमेहाचा धोका यांचा संबंध दिसला आहे. श्रवणाबाबतचा पुरावा अजून तितका पक्का नाही. जागतिक आरोग्य संघटनेची या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, तर भारताची ४०. त्यामुळे मधुमेहासाठीचे रोजचे चालणे बंद न करता केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर हवेचा निर्देशांक पाहून वेळ आणि कमी रहदारीचा रस्ता निवडावा.

एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर वार्षिक तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. उपचारात स्टेरॉइड दिली जातात आणि त्यांनी साखर वाढते, म्हणून मधुमेह असल्याचे आधीच सांगून त्या काळात साखर अधिक वेळा मोजावी.