चाळणीतून उरलेल्या कंपन्यांचं काय करायचं?

स्क्रीनर, म्हणजे आपले निकष लावून शेअर बाजारातल्या कंपन्या चाळून देणारं साधन, उघडण्याआधी मी वहीत एक वाक्य लिहिते. कशी कंपनी हवी आहे? ‘कर्ज कमी, धंद्यातून रोकड येते, भाव अवाच्या सवा नाही.’ बस. हे वाक्य नसलं की मनात आधीच भरलेला शेअर यादीत येईपर्यंत आपण निकष सैल करत राहतो. मी केलेलं आहे हे, म्हणून सांगते.

मग त्या वाक्याचे आकडे करायचे. माझे निकष चारच. आरओसीईची (कर्ज धरून धंद्यात गुंतलेल्या एकूण भांडवलावरचा परतावा) पाच वर्षांची सरासरी १५ टक्क्यांवर, कर्ज भागधारकांच्या निधीच्या निम्म्याहून कमी, पी/ई (भाव भागिले प्रति शेअर नफा) २५ च्या आत, आणि पाच वर्षांत मिळून धंद्यातून आलेली रोकड निव्वळ नफ्याच्या निदान ८० टक्के. आरओई (फक्त भागधारकांच्या निधीवरचा परतावा) मी घेत नाही, कारण कर्ज वाढवून तो फुगवता येतो. बँका आणि वित्तसंस्था आधीच वगळायच्या. कर्ज हा त्यांचा कच्चा मालच, त्यांना ही मापं लागत नाहीत.

रोकडीच्या निकषावर मात्र मी अडून बसते. उधारीवर माल दिला की विक्री आणि नफा दोन्ही लगेच हिशेबात चढतात, पैसे आले नसले तरी. माझ्याकडच्या एका कंपनीचा नफा ओळीने तीन वर्षं वाढला आणि मी खूश होते. त्याच काळात तिची ग्राहकांकडची येणी दुप्पट झाली होती. ताळेबंदात ते छापलेलं होतं, मी नफा-तोट्याचं पान सोडून पुढे गेलेच नव्हते. पुढे त्यातली बरीच येणी बुडीत धरावी लागली आणि भाव कोसळला.

चाळणी लावली की वीस-पंचवीस नावं उरतात. ती खरेदीची यादी नाही, वाचायची यादी आहे. समजा, भाव १२० आणि प्रति शेअर नफा २०, म्हणजे पी/ई ६. स्वस्त वाटतं ना? वार्षिक अहवालातल्या टिपा उघडा. त्या २० पैकी १३ जमीन विकून आलेले निघाले, तर धंद्याची कमाई ७ आणि खरा पी/ई १७. बरेच स्क्रीनर हा फरक करत नाहीत. पोलाद, जहाजवाहतूक अशा चढउताराच्या धंद्यांत तर पी/ई सर्वांत कमी दिसतो तो नफा शिखरावर असताना. तिथे निदान दहा वर्षांचे आकडे काढा.

यादी फारच लांबली तर पिओत्रोस्की स्कोअर लावून पाहा. जोसेफ पिओत्रोस्की यांनी २००० साली मांडलेल्या या ९ हो-नाही कसोट्या स्वस्त शेअरांतून सावरणाऱ्या कंपन्या वेगळ्या काढण्यासाठीच आहेत.

अहवाल वाचताना मी टिपांपासून सुरुवात करते, अध्यक्षांचं मनोगत शेवटी. लेखापरीक्षकांचा शेरा, संबंधित पक्षांशी (प्रवर्तक, त्यांचे नातेवाईक, त्यांच्या इतर कंपन्या) झालेले व्यवहार, न्यायालयात अडकलेले दावे यांना चाळणीत रकानाच नसतो.

घेतलेल्या शेअरांवर दर तिमाहीला तीच चाळणी पुन्हा लावते. एखादं नाव गळलं तर कोणत्या निकषावर, ते तारखेसह वहीत टिपते. पी/ईवर गळलं तर घाई करत नाही, बहुधा भाव वाढलेला असतो. रोकडीवर गळलं, तर त्याच दिवशी ताळेबंद उघडून आधी येणी बघते.