रंग मळतात, कागद फुगतो: जलरंग शिकताना या चुका टाळा

जलरंग शिकायला घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते: रंग मातकट होतात. मग नवा, महागडा रंगसंच घरी येतो आणि चित्र पुन्हा मातकटच होतं. दोष बहुतेक वेळा रंगात नसतो. तो कागदात असतो, पाण्यात असतो आणि सगळ्यात जास्त उजेड-सावलीच्या अंदाजात असतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर आधी कागदावर करा. शाळेच्या चित्रकलेच्या वहीतला कागद पाणी पडलं की फुगतो, खळग्यांत रंग साचतो आणि वाळल्यावर नको तिथे गडद कडा उमटतात. हात कितीही चांगला असला तरी त्या कागदावर सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर, बसत नाही. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), थोडा खरखरीत जलरंगाचा कागद घ्या, त्याचे चार तुकडे करा आणि चारही बाजूंनी टेप लावून बोर्डवर बसवा. सरावाला मागची बाजूही वापरता येते. रंग सुरुवातीला पाच-सहा ट्यूब पुरे.

रंग का मळतात?

एका मिश्रणात तीन-चार रंग गेले की ते करडं होणारच. दोनच रंगांत काम भागतं का ते आधी बघा. पाण्याची दोन भांडी ठेवा, एक ब्रश धुवायला आणि दुसरं स्वच्छ पाणी घ्यायला. पण मळण्याचं खरं कारण अधीरपणा असतो. लावलेला वॉश अर्धवट ओला असताना त्यावरून ब्रश फिरवला की खालचा रंग उचकटतो. ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असेल तर ते रंगाला बाहेर ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग पडतात. कागद तिरका धरून बघा. चकाकी आहे तोवर ओल्यात ओला रंग सोडता येतो. चकाकी गेली, पण बोटाची मागची बाजू टेकवल्यावर कागद गार लागतोय, म्हणजे हात मागे घ्या आणि पूर्ण वाळू द्या.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की एका वॉशला बराच वेळ थांबावं लागतं. हेअर ड्रायर चालतो, पण चकाकी गेल्यावरच, नाहीतर हवेने रंगाचे ओघळ सरकतात. एप्रिलमध्ये कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर बसलात तर उलटी अडचण येते. ब्रश दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिलं टोक वाळतं. सावलीत बसा आणि वॉशआधी कागद स्वच्छ पाण्याने ओला करून घ्या.

गडद रंगाची भीती

संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या पूर्वेकडून काठावरचा शालिनी पॅलेस बघा. सूर्य मागे असतो, त्यामुळे काळ्या दगडाची ती इमारत जवळजवळ एकाच गडद छटेत दिसते. नवशिका मात्र तिथे एकेक खिडकी रंगवत बसतो, कारण खिडक्या आहेत हे त्याला माहीत असतं. डोळे किलकिले करा, तपशील गळून पडतील आणि तीन-चार मोठे आकार उरतील. तेच आधी मांडा. पाण्यातलं प्रतिबिंबही नीट पाहा. उजळ वस्तूचं प्रतिबिंब किंचित गडद आणि गडद वस्तूचं किंचित उजळ दिसतं. सगळं पाणी निळं रंगवलं की तलाव राहत नाही, नुसता निळा पट्टा होतो.

जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून ओला असताना थोडा जास्तच गडद वाटला पाहिजे. काळ्या ट्यूबपेक्षा अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना यांचं दाट मिश्रण वापरा, सावली जिवंत राहते. पांढरं मात्र कागदाचंच ठेवायचं. घाटावर वाळत घातलेलं धोतर आधीच सोडून द्या, नंतर पांढरा रंग फासून ते सापडत नाही. काही चित्रं एकाच रंगात करा. हा सराव कंटाळवाणा वाटतो, पण माझ्या मते यासारखा दुसरा नाही.

पावसाळ्यात पन्हाळ्याच्या उतारांसाठी ट्यूबमधला हिरवा सगळीकडे लावू नका. जवळचा हिरवा पिवळसर, लांबचा निळसर आणि फिका.

दर आठवड्याला नवा विषय

फोनवर कुणाचं तरी बर्फाळ डोंगराचं चित्र बघून ते उतरवायचं, पुढच्या रविवारी दुसरं, याने हात फारसा सुधारत नाही. १९३१ साली निधन झालेले कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थ हे तलाव पुन्हा पुन्हा रंगवले. त्याच जागेवर सकाळ, दुपार, पाऊस पाहिला की उजेड काय करतो ते कळू लागतं. टाऊन हॉल संग्रहालयातली आणि राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे संग्रहालयातली चित्रं प्रत्यक्ष बघा. छापील प्रतीत छटांमधले बारीक फरक हरवतात.

पुढे तैलरंगाकडे वळलात तर खालचे थर टर्पेंटाइनने पातळ ठेवा आणि वरच्या थरांत तेल वाढवा. उलटं केलं तर चित्राला तडे जाण्याची भीती असते. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक कधीच नाही. आणि ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतो, त्यामुळे जलरंगातली गडद लावायची सवय तिथे सोडावी लागते.

उरलेला कागद पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात आडवा ठेवा. ओल लागलेला कागद वरून कोरा दिसतो, पण वॉश दिला की ठिपक्याठिपक्यांनी रंग पितो, आणि तो डाग कशानेच निघत नाही.