‘प्रॉबेब्ली’, ‘पॉसिब्ली’, ‘कन्सीव्हेब्ली’ : कोणता शब्द कधी आणि कुठे

घडण्याकडे पारडं झुकत असेल तरच ‘प्रॉबेब्ली’ वापरा. आपलं ‘बहुतेक’ ते हेच. काहीच सांगता येत नसेल तर ‘मेबी’ किंवा ‘परहॅप्स’. पहिला बोलण्यात, दुसरा लेखनात शोभतो. ‘पॉसिब्ली’ आणखी कच्चा.

‘मेबी’ वाक्याच्या सुरुवातीला आणि जोडून लिहायचा : ‘मेबी ही इज बिझी’. ‘ही मे बी बिझी’मध्ये मात्र ते क्रियापद आहे, म्हणून दोन शब्द. ‘प्रॉबेब्ली’ सहायक क्रियापदानंतर येतो : ‘शी विल प्रॉबेब्ली कम’. नकार आला की तो सहायक क्रियापदाच्या आधी जातो : ‘शी प्रॉबेब्ली वोन्ट कम’. ‘शी वोन्ट प्रॉबेब्ली कम’ कानाला खटकतं. ‘मे प्रॉबेब्ली’ ही जोडीही टाळा. ‘मे’ साशंक, ‘प्रॉबेब्ली’ बराच खात्रीचा, ऐकणाऱ्याने धरायचं काय?

खरी गडबड ‘पॉसिब्ली’ करतो. ‘कान्ट’सोबत आला की त्याचा मवाळपणा संपतो. ‘आय कान्ट पॉसिब्ली कम टुडे’ म्हणजे ‘आज येणं अजिबात शक्य नाही’. ‘बहुतेक जमणार नाही’ एवढंच कळवायचं असताना हे वाक्य पाठवलंत, तर समोरचा तुमचं नाव यादीतून काढून मोकळा होतो. तिथे ‘आय प्रॉबेब्ली कान्ट कम’ हवं. प्रश्नात तोच शब्द अदबीचा होतो : ‘कुड यू पॉसिब्ली सेंड द फाइल टुडे?’ वरिष्ठांना लिहिताना हा साचा फार कामाचा. आणि ‘शक्यतो सकाळी या’ यातल्या ‘शक्यतो’साठी ‘पॉसिब्ली’ कधीच नको. तिथे शक्यता नाही, पसंती सांगायची आहे; ‘प्रेफरेब्ली’ किंवा ‘इफ पॉसिबल’ वापरा.

‘कन्सीव्हेब्ली’ हा कल्पनेच्या काठावरचा शब्द : घडेल असं वाटत नाही, पण घडूच शकत नाही असंही म्हणवत नाही. सोबत बहुधा ‘कुड’ किंवा ‘माइट’ असतो : ‘द केस कुड कन्सीव्हेब्ली ड्रॅग ऑन फॉर इयर्स’. अहवालात, युक्तिवादात चालतो. व्हॉट्सॲपवर उगाच जड वाटतो. ‘कुडन्ट कन्सीव्हेब्ली’ झालं की अर्थ थेट ‘कल्पनाच करता येत नाही’.

‘अनइमॅजिनेब्ली’ या रांगेतला नव्हेच. तो विशेषणाआधी बसून प्रमाण सांगतो : ‘अनइमॅजिनेब्ली रिच’ म्हणजे कल्पनेपलीकडचा श्रीमंत.