व्ह्यूजचा रिपोर्ट हातात आला की आधी काय तपासावं

ठाण्याच्या राम मारुती रोडवर साडीचं दुकान असो की वाशीत क्लास, महिनाअखेरीस जाहिरात एजन्सी आपल्या व्हिडिओंचा 'इतके लाख व्ह्यूज' असा रिपोर्ट पुढे ठेवते. बिल चुकतं करण्याआधी विचारा: यात एक व्ह्यू म्हणजे किती सेकंद?

प्रत्येक ठिकाणचं माप वेगळं आहे. फेसबुकवर 3 सेकंदांचा व्ह्यू धरण्याची पद्धत रूढ झाली, आणि तिथे स्क्रोल करताना व्हिडिओ आपोआप सुरू होतो. यूट्यूबवरची स्किप करता येणारी जाहिरात मात्र 30 सेकंद, किंवा त्याहून छोटी असेल तर शेवटपर्यंत पाहिली, अथवा तिच्यावर क्लिक केलं, तरच मोजतात. हे दोन आकडे एका तक्त्यात शेजारी मांडूच नयेत. शॉर्ट्सचं, म्हणजे यूट्यूबवरच्या छोट्या व्हिडिओंचं, माप तर 31 मार्च 2025 पासून बदललं: शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा चालला की व्ह्यू. त्या तारखेनंतर आलेख एकदम वर गेलेला दिसला तर वाढ समजू नका. जुन्या महिन्यांशी तुलना 'एंगेज्ड व्ह्यूज'नेच करा; तो आकडा जुन्याच मापाने मोजतात.

सरासरी वेळ सर्वांत जास्त फसवते. समजा 1000 वेळा व्हिडिओ सुरू झाला. 700 जण 2 सेकंदांत निघून गेले, 300 जणांनी 20 सेकंद पाहिला. एकूण 7400 सेकंद, म्हणजे सरासरी 7.4. पण ते 700 जण हिशेबातून वगळले की सरासरी थेट 20 होते! 2016 मध्ये फेसबुकने अशाच प्रकारची चूक कबूल केली होती: 3 सेकंदांपेक्षा कमी पाहणारे भाजकात धरलेच नव्हते. म्हणून भाजक काय धरला, ते लेखी घ्या. शक्यतो रिटेन्शनचा, म्हणजे कितव्या सेकंदापर्यंत किती जण टिकले त्याचा, आलेखच मागा. पहिल्या पाच सेकंदांतली घसरण त्यात लपत नाही.

रीचची, म्हणजे किती वेगवेगळ्या माणसांपर्यंत पोचलो त्या आकड्यांची, बेरीज करू नका. फेसबुकवर 20,000, इन्स्टाग्रामवर 15,000 आणि यूट्यूबवर 10,000 म्हणजे 45,000 माणसं नव्हेत; घोडबंदर रोडवरची एकच गृहिणी तिन्हीकडे मोजली गेलेली असू शकते.

गूगल अ‍ॅड्समध्ये लोकेशन ऑप्शन्स उघडा; जाहिरात कुठल्या भागातल्या लोकांना दिसावी, ते तिथे ठरतं. तिथे 'प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट' असेल तर ठाण्याबद्दल शोधणारा नागपूरकरही धरला जातो. दुकानासाठी फक्त 'प्रेझेन्स', म्हणजे प्रत्यक्ष त्या भागात असलेले लोक, ठेवा.

'बाजारातला आमचा वाटा' असं कुणी म्हटलं तर तो कशाचा वाटा, हे आधी विचारा: पाहण्याच्या वेळेचा, ग्राहकसंख्येचा की जाहिरातीच्या उत्पन्नाचा? प्रेक्षकमोजणी करणाऱ्या नील्सन कंपनीचा 'द गेज' हा पाहण्याच्या वेळेच्या वाट्याचा अहवाल अमेरिकेतला, तोही फक्त टीव्हीच्या पडद्यापुरता. मोबाईल त्यात नाही. तो दाखवून नवी मुंबईतलं बजेट ठरवणं चुकीचंच. 2023 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात हॉटस्टारवर 5.9 कोटी हा आकडा आला, तोही एकाच क्षणी जोडलेल्यांचा होता. दिवसभरातल्या एकूण प्रेक्षकांच्या आकड्याशी तो ताडून पाहता येत नाही.

स्क्रीनशॉट स्वीकारू नका. जाहिरातखातं आपल्याच नावावर उघडायला लावा, एजन्सीला त्यात प्रवेश द्या, आणि दर महिन्याची सीएसव्ही फाइल, म्हणजे मूळ आकड्यांचा तक्ता, स्वतः उतरवून ठेवा.