बंगल्यातला स्विमिंग पूल बुजवताय? या चुका टाळा

काकांनी लोणावळ्याजवळच्या बंगल्यातला स्विमिंग पूल एका एप्रिलमध्ये बुजवून टाकला. मुलं बाहेरगावी स्थिरावली होती, पंपाचा आणि क्लोरीनचा खर्च मात्र चालूच होता. नातवंडं आली की घरातल्या प्रत्येकाचा जीव त्या पाण्यापाशी टांगलेला. बुजवायचा निर्णय बरोबरच होता. शेजारी पाडकाम चाललं होतं, तिथला राडारोडा फुकट मिळाला. वर फूटभर माती, त्यावर लॉन. चार दिवसांत काम उरकलं. जुलैत लॉनवर पाय ठेवला की घोट्यापर्यंत चिखल. कडेचा चाफा मुळं कुजून गेला. तिसऱ्या पावसाळ्यानंतर पूर्वीच्या खोल बाजूची जमीन वीतभर खचली, आणि सगळं उकरून पुन्हा भरावं लागलं. त्या दुसऱ्या वेळेला मी शेवटपर्यंत कामावर उभा होतो. पुढे लिहिलंय ते बरंचसं तिथे शिकलेलं.

भरावाखाली हौद तसाच ठेवणं

सगळ्यात मोठी चूक हीच. पूल म्हणजे नुसता खड्डा नव्हे. पाण्याचा थेंब बाहेर जाऊ नये म्हणून मुद्दाम बांधलेला तो काँक्रीटचा हौद आहे, आणि वरून माती टाकली तरी तो आपलं काम करतच राहतो. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो मातीतून खाली झिरपतो, तळाशी अडतो आणि हौद भरत भरत वर येतो. काकांच्या लॉनवरचा चिखल असा खालून आलेला होता.

म्हणून भराव टाकण्याआधी तळ फोडायचा. ड्रिलने बोटभर छिद्रं पाडून भागत नाही, पहिल्याच पावसात ती गाळाने बुजतात. ब्रेकरने हात-दीड हात रुंद भोकं पाडा, साधारण दर तीन-चार चौरस मीटरला एक, खोल बाजूला जास्त. स्लॅबखालची माती किंवा मुरूम दिसेपर्यंत आरपार जा. मग प्रत्येक भोकात दोन-चार बादल्या पाणी ओता आणि थांबून बघा. पाणी उतरलं तर ठीक. खाली काळी चिकण माती किंवा सलग कातळ असेल तर ते तिथेच डबक्यासारखं राहील. अशा वेळी उताराच्या बाजूची भिंत तळापाशी फोडून पाइपने पाण्याला बाहेरची वाट द्यावी लागते. ही बादल्यांची परीक्षा कंत्राटदार आपणहून करत नाही. तुम्ही उभं राहून करून घ्या.

भिंतीही वरून दोन-तीन फूट तोडा. त्याचे मुठीएवढे तुकडे तळाशी घालायला हरकत नाही, पण सळया कापून बाजूला काढा. त्या तुकड्यांच्या थरावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं जाड कापड, अंथरलं की वरची बारीक माती खाली वाहून जात नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर पूल रिकामा करणं

पाणी उपसून ठेवलं, मजूर आले नाहीत, तेवढ्यात पाऊस लागला, हे सर्रास होतं. बाहेरच्या जमिनीत पाणी चढलं की ते रिकाम्या हौदाला खालून उचलतं. हिशोब सोपा आहे. तळाच्या वर बाहेर दर मीटरभर पाणी चढलं की तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर एक टन दाब येतो. २० सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचं वजन चौरस मीटरला जेमतेम अर्धा टन. भिंतींचं वजन आणि मातीची पकड थोडी मदत करते, पण तळाला तडे जातात, कधी अख्खा हौद एका बाजूने वर उचलला जातो. सोबत कडेची फरशी आणि पाइपही तुटतात. त्यामुळे उपसणं, फोडणं आणि भरणं फेब्रुवारी ते मे यातच एकापाठोपाठ उरका. ते जमणार नसेल तर पावसाळाभर पूल भरलेलाच ठेवा, पण पाणी फिरतं ठेवा, नाहीतर तिथे डासांची पैदास होईल.

उपसलेलं पाणी कुठे सोडायचं, हेही आधी ठरवा. आठवडाभर आधी क्लोरीन टाकणं थांबवा, उन्हाने ते उतरतं. साध्या टेस्ट किटवर क्लोरीन शून्य दिसलं की मगच हळूहळू सोडा. शेजारच्या विहिरीत, ओढ्यात किंवा दुसऱ्याच्या शेतात मात्र सोडू नका.

उरलेली रसायनं खड्ड्यात टाकणं

इथे कळकळीने सांगतो. पंपरूममध्ये अर्धवट उरलेली क्लोरीनची पावडर, गोळ्या आणि ॲसिडचा कॅन असतो. मजूर ते सगळं तळाशी ओतून वर माती लोटायला निघतात. क्लोरीनचं कोणतंही रसायन ॲसिडला लागलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि खोल खड्ड्यात तो तळाशीच साचून राहतो, कारण तो हवेपेक्षा जड आहे. वेगवेगळ्या प्रकारची क्लोरीनची पावडर आणि गोळ्या एकत्र केल्या तरी पेट घेऊ शकतात. बंद डबे कोरडेच ठेवा, एकमेकांपासून लांब ठेवा आणि चालू पूल असलेल्या कुणाला तरी देऊन टाका.

वीज हे दुसरं संकट. पाण्यातल्या दिव्यांची आणि पंपाची वायर पुलापाशी कापून पुरू नका. ती मुख्य बोर्डातूनच सुटी करायला हवी. पाइपांची तोंडंही बंद करा. छपराचं पाणी एखाद्या पाइपाने पुलात येत असेल तर ती लाइन वळवा, नाहीतर दर पावसाळ्यात भरावाच्या पोटात पाणी जात राहील.

मिळेल त्याने भरणं आणि पाणी सोडून 'बसवणं'

८ बाय ४ मीटरचा, सरासरी १.४ मीटर खोलीचा पूल म्हणजे साधारण ४५ घनमीटर, आपल्या भाषेत १६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). भरावाला मुरूम घ्या. तो दाबल्यावर बसतो, म्हणून २० ब्रासचा अंदाज धरा. काळी माती नको, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. राडारोड्यात लाकूड, प्लास्टिक, गोण्या, जिप्समचे तुकडे असतात. त्यातलं लाकूड कुजतं, बाकीच्याखाली पोकळ्या राहतात आणि जमीन खचते. मुरूम हे गौण खनिज आहे, त्यामुळे स्वामित्वधन (रॉयल्टी) भरल्याची आणि वाहतुकीची पावती असलेलीच गाडी आत घ्या.

भराव २० ते २५ सेंटिमीटरच्या थरांनी घाला. प्रत्येक थर किंचित ओला करून बेबी रोलरने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने दाबा, कोपऱ्यात हाताने दुर्मुस चालवा. ओल किती हवी? मूठभर मुरूम दाबला की गोळा टिकावा, पण हातातून पाणी गळू नये. सगळा खड्डा एकदम भरून 'पाणी सोडा, आपोआप बसेल' म्हणणाऱ्याला थांबवा. विटांचा पाया भरताना ही सवय लागलेली असते. मातकट मुरूम अशाने घट्ट होत नाही, आणि हौदात सोडलेलं पाणी तिथेच मुरत राहतं.

बुजवलेल्या जागेवर बांधकाम करणं

असा भराव बागेसाठी, भाजीच्या वाफ्यांसाठी, लॉनसाठी चांगला आहे. आउटहाउस किंवा खोली बांधायची असेल तर हौद पूर्ण उखडून काढावा लागतो आणि पाया इंजिनिअरने ठरवायला हवा. पायाची एक कड जुन्या भिंतीवर आणि दुसरी भरावावर आली, की भराव बसतो, भिंत बसत नाही, आणि खोलीला मधोमध तडा जातो. पूर्ण उखडतानाही सांभाळा. घराचा पाया पुलाच्या खोलीपेक्षा कमी अंतरावर असेल तर ती बाजूची भिंत इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काढू नका, कारण घराखालची माती तिनेच धरून ठेवलेली असू शकते.

आणखी एक विचार, खरं तर तो सगळ्यात आधी करायचा. जिथे एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागतो, तिथे ४५,००० लिटरची तयार टाकी फोडण्याआधी थांबा. वर भक्कम स्लॅब, कुलुपाचं झाकण, हवेच्या पाइपांना जाळी, एवढं केलं तर छपराच्या पाण्याने ती एका पावसाळ्यात भरते. गळती नसेल तर मी बुजवण्याआधी हाच पर्याय सुचवेन. काकांच्या पुलाला मात्र तडे होते.

दुसऱ्या वेळी आम्ही मधली जागा बोटभर उंच ठेवली, घरापासून बाहेरच्या बाजूला उतार दिला आणि लॉन लगेच लावलं नाही. पहिल्या पावसाळ्यात दोन ठिकाणी इंचभर खळगे पडले. त्यासाठी बाजूला ठेवलेल्या मातीने ते ऑक्टोबरमध्ये भरले आणि मग गवत पेरलं. पुलाच्या चारही कोपऱ्यांची अंतरं बंगल्याच्या दोन कोपऱ्यांपासून मोजून काढली. ती, तळातल्या भोकांचे फोटो आणि भरावाची तारीख असा कागद काकांनी घराच्या मूळ कागदपत्रांसोबत ठेवला आहे.