तिशीतल्या पुरुषांसाठी जपानी काराओके: गाणं निवडण्याआधी पट्टी ठरवा

जपानमध्ये ऑफिसची पार्टी संपली की 'निजिकाई', म्हणजे दुसरी बैठक, बऱ्याचदा काराओकेच्या खोलीत भरते. टोकियोत निशि-कासाई भागात राहणाऱ्या मराठी मंडळींवर ही वेळ आज ना उद्या येते. तिथे 'यंदाची सर्वाधिक लोकप्रिय गाणी' छापाच्या याद्या पाठ करून जाऊ नका. लोक सध्या काय ऐकतात ते त्या याद्यांत असतं, पण खोलीतले सहा-आठ जण तुमच्यासोबत काय गातील ते त्यांत सापडत नाही.

आधी वर्षं ठरवा

माणसाच्या तोंडी कायमची बसतात ती शाळा-कॉलेजच्या वयातली गाणी. आज तिशीत असलेला जपानी माणूस साधारण १९८७ ते १९९६ दरम्यान जन्मला. तो बारा ते अठरा वर्षांचा असताना गाजलेली गाणी धरा, म्हणजे १९९९ ते २०१४ चा काळ. मोंगोल ८०० चं 'चीसाना कोई नो उता' (२००१), बंप ऑफ चिकनचं 'तेन्ताई कान्सोकु' (२००१), स्मापचं 'सेकाई नि हितोत्सु दाके नो हाना' (२००३), ऑरेंज रेंजचं 'हाना' (२००४), ग्रीनचं 'कीसेकी' (२००८) या गाण्यांचं ध्रुवपद, ज्याला जपानीत 'साबी' म्हणतात, सुरू झालं की माईक नसलेलेही गायला लागतात. ॲनिमेमधलं हवं असेल तर डिजिमॉनचं 'बटर-फ्लाय' (१९९९) किंवा फुलमेटल अल्केमिस्टचं 'रिराईट' (२००४) घ्या. डोरेमॉन आपल्याकडची मुलंही बघतात, त्यामुळे 'हिमावारी नो याकुसोकु' (२०१४) गायलं की ते त्याच्या सिनेमाचं गाणं आहे एवढं सांगूनही गप्पा सुरू होतात.

यांतली तीन-चार निवडा. सहा जण आणि दोन तास असतील तर गाण्यामागे पाच मिनिटं धरून एकूण चोवीस गाणी होतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चार. दहा गाण्यांची तयारी वाया जाते.

खरी अडचण: पट्टी

गाणं लोकांच्या ओळखीचं असलं की काम झालं असं बहुतेकांना वाटतं. मग कडवं छान जातं आणि ध्रुवपदावर आवाज फाटतो. जपानी पॉपची बांधणीच तशी आहे. सुरुवातीच्या ओळी, 'ए-मेरो', बोलल्यासारख्या खालच्या स्वरांत असतात आणि साबी एकदम वर उडी मारते. रेमिओरोमेनचं 'कोनायुकी' (२००५) याचं ठळक उदाहरण आहे. पहिल्या ओळी कुणालाही जमतील अशा आहेत, आणि त्यांना भुलूनच लोक ते लावतात. पूर्ण तयारी नसेल तर ते लावू नकाच.

म्हणून आधी आपल्या आवाजाचं छत शोधा. घरी हार्मोनियम किंवा फोनवरचं तानपुऱ्याचं ॲप घ्या. पूर्ण आवाजात 'आ'कार लावत एकेक सूर वर चढा. मानेच्या शिरा ताणल्या किंवा आवाज खोट्यात, म्हणजे फॉल्सेटोत, सरकला की थांबा आणि तिथून दोन स्वर खाली या. ते तुमचं कामाचं छत. दोन स्वर सोडायचे कारण तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर, गप्पा आणि बिअरनंतर, गळा तेवढा उतरलेला असतो. काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी 'सा' धरून) गाणाऱ्या साधारण पुरुषाचं हे छत तार सप्तकातल्या मध्यमाच्या आसपास येतं. जपानी लोक त्या स्वराला 'मिड टू एफ शार्प' म्हणतात.

आता तुलना करा. ऑफिशियल हिगे दान्दिझमच्या 'प्रिटेंडर'मध्ये (२०१९) गायक खोटा आवाज न लावता 'हाय सी'पर्यंत जातो. काळी एकच्या हिशेबाने तो तार निषाद. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजल्या तर तुमच्या छतापासून सहा सूर वर! किंग नूचं 'हाकुजित्सु' (२०१९) तर खोट्या आवाजातच सुरू होतं. ही गाणी ऐकायला सुंदर आहेत, पण तिशीतल्या पुरुषाने ऑफिसच्या लोकांसमोर लावायची ती नव्हेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

काराओके यंत्राच्या गाणी निवडायच्या टॅबलेटवर 'की', म्हणजे पट्टी, असं लिहिलेलं असतं आणि शेजारी अधिक-उणेची बटणं असतात. 'डॅम' ब्रँडच्या यंत्रावर या टॅबलेटला 'देनमोकु' म्हणतात, जॉयसाउंडच्या यंत्रावर 'क्योकुनाबी'. एकदा दाबलं की पट्टी एका सुराने सरकते, म्हणजे हार्मोनियमवर शेजारच्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर. इथेच चुकीचा सल्ला मिळतो: 'उंच वाटलं तर पाच-सहा खाली घे.' असं करू नका. उणे पाचवर साबी आवाक्यात येते खरी, पण खालच्या ओळी मंद्रात इतक्या बुडतात की शब्द ऐकू येत नाहीत. वाद्यांचा तजेलाही जातो आणि धावतं गाणं अंगाईसारखं वाटतं. उणे एक ते उणे तीन एवढीच मोकळीक घ्या. उणे चार लागत असेल तर गाणं बदला.

बायकांच्या गाण्यांचा हिशेब उलटा आहे. मूळ पट्टीत पुरुष आपोआप एक सप्तक खाली गातो आणि सगळं गाणं पुटपुटल्यासारखं होतं. तिथे पट्टी वर न्यायची, अधिक तीन किंवा चार. त्यापुढे गेलात तर वाद्यं पिचकट वाजतात.

पट्टी तपासताना गाण्याची सुरुवात गाऊन बघू नका, शेवटची साबी गा. बऱ्याच जपानी गाण्यांत शेवटी 'तेनचो' होतो, म्हणजे पूर्ण चाल एक-दोन सूर वर सरकते. दुसऱ्या साबीपर्यंत सुखात असलेला माणूस नेमका तिथे, सगळे टाळ्या वाजवत असताना, अडकतो. तुमचा आकडा ठरवायचा तो या शेवटच्या साबीवर.

ही तपासणी करायला एकट्याने जा. एकट्याने काराओकेला जाण्याला 'हितोकारा' असा रूढ शब्द आहे आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. कामाच्या दिवशी दुपारी दर कमी असतात, एक तास पुरतो. प्रत्येक गाण्यापुढे आकडा लिहून ठेवा: 'कीसेकी, उणे दोन'. बैठकीत गाणं पाठवतानाच तो आकडा लावा. साबीच्या मध्यात पट्टी बदलली की सगळेच बेसूर होतात.

वाचणं

पडद्यावर कांजीच्या, म्हणजे चिनी मूळच्या अक्षरांच्या, वर उच्चार सांगणारी बारीक हिरागाना अक्षरं असतात, त्यामुळे कांजी अडत नाही, वेग अडतो. ऑरेंज रेंजच्या गाण्यांतले रॅपचे भाग आधी पाठ करा किंवा तेवढ्यापुरता माईक शेजाऱ्याला द्या.

खोलीत

पहिलं गाणं ओळखीचं आणि मध्यम लयीचं घ्या. दुसऱ्या फेरीत गोल्डन बॉम्बरचं 'मेमेशिकुते' (२००९) लावलंत तर लोक उठून उड्या मारतात. जोडीदार मिळाला तर 'सेइशुन अमीगो' (२००५) दोघांनी गायचंच गाणं आहे. पन्नाशीचे साहेब सोबत असतील तर एक गाणं त्यांच्या काळातलं ठेवा, ब्लू हार्ट्सचं 'लिंदा लिंदा' (१९८७) किंवा चागे अँड आस्काचं 'याह याह याह' (१९९३). मात्र साहेबांचं स्वतःचं ठरलेलं गाणं, त्यांचं 'ओहाको', आपण कधीच लावायचं नाही.

सदर्न ऑल स्टार्सचं 'त्सुनामी' (२०००) प्रेमगीत आहे आणि ते सगळ्यांना येतं. तरीही २०११ च्या भूकंप-त्सुनामीच्या आपत्तीनंतर ते नाव घेताना लोक जपतात. खोलीत तोहोकुचं, म्हणजे तो फटका बसलेल्या ईशान्य जपानचं, कोणी असू शकतं, म्हणून ते टाळा.

गुण देणारं 'साइतेन' बंद ठेवा. प्रत्येक गाण्यानंतर गुणांची वाट बघण्यात वेळ जातो आणि कमी गुण मिळालेला माणूस पुढे गातच नाही. 'वारिकोमी' दाबून दुसऱ्याच्या आधी आपलं गाणं घुसवू नका. माईक तोंडाजवळ आडवा धरा, जाळी मुठीत झाकू नका.

वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी खोलीतला फोन वाजतो. त्या वेळेसाठी 'सेकाई नि हितोत्सु दाके नो हाना' राखून ठेवा. त्याचे स्वर फार वर जात नाहीत, पट्टी फारशी बदलावी लागत नाही आणि दोन्ही माईक खोलीत फिरवता येतात.