फ्लायवेट-बॅन्टमवेटमधे खेळताय? या चुका टाळा

बॉक्सिंगच्या हलक्या वजनगटातल्या पोरापोरींचं निम्मं डोकं वजनकाट्यातच अडकलेलं असतं आणि सगळी गोची तिथूनच सुरू होते. साधा हिशोब बघा, 100 किलोवाल्याने 2 किलो उतरवले तर ते 2 टक्के, 50 किलोवाल्याने तेवढेच उतरवले तर 4 टक्के. त्यात प्रो बॉक्सिंगमधे मिनिममवेट 105 पाउंड, लाइट फ्लाय 108, फ्लाय 112, सुपर फ्लाय 115, बॅन्टम 118, म्हणजे लागून असलेल्या दोन गटांत जेमतेम 1.4 ते 1.8 किलोचा फरक, मग "अजून एक गट खाली जाऊ की" हा मोह होणारच.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. खाली गेलं की समोर बारका भिडू मिळेल असं वाटतं, पण समोरच्यानेही तेच डोकं लावलेलं असतं ना! फिलिपिन्सचा बॉक्सर मॅनी पॅकियाओ 1999 मधे फ्लायवेटचा चॅम्पियन होता, वजन बसलं नाही म्हणून बेल्ट काट्यावरच गेला आणि वर फाइटमधे तिसऱ्या राउंडला नॉकआउट झाला. मग गडी सरळ वर सरकला आणि 2001 मधे सुपर बॅन्टमचा, म्हणजे 122 पाउंडचा, बेल्ट घेऊन बसला. कॅम्प (फाइटआधीची खास तयारी) नसताना नीट जेवून-खाऊन तुमचं वजन 55-56 किलो राहत असेल तर 51 किलोचा हट्ट सोडा, हे माझं स्पष्ट मत.

दुसरं, प्रो लोकांचे वेट कटचे (फाइटआधी झटपट वजन उतरवण्याचे) व्हिडिओ बघून नक्कल करू नका. त्यांचं वजन आदल्या दिवशी होतं, भरून काढायला जवळपास एक दिवस मिळतो (आयबीएफ या बेल्ट देणाऱ्या संघटनेच्या टायटल फाइटला तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत काट्यावर उभं करतात, 10 पाउंडांपेक्षा जास्त वाढलेलं चालत नाही). अमॅच्युअरमधे वजन त्याच दिवशी सकाळी, आणि पुढची बाउट असेल त्या सकाळी पुन्हा. घामाचा सूट घालून पाणी काढलंत तर परत भरायला वेळच नाही. लघवीच्या गोळ्या तर अजिबात नको, डोपिंगमधे बंदी आहे आणि शरीराची वाट लागते ती वेगळीच. चक्कर येतेय, लघवी जवळपास बंद झालीय, तर कट तिथेच थांबवा आणि डॉक्टर गाठा.

शेवटच्या दोन दिवसांत काटा हलतच नाही? पाणी बंद करायच्या आधी मीठ आणि चोथ्याचं खाणं कमी करून बघा, बरंचसं वजन पोटातच पडून असतं. आणि कॅम्पमधेच काही दिवस झोपायच्या आधी नि उठल्यावर वजन लिहून ठेवा, रात्रीत तुमचं किती उतरतं तो आकडा हातात असला की आदल्या रात्री घाबरगुंडी उडत नाही. घरचा काटा कडक फरशीवर ठेवा, गादीवर-कार्पेटवर नको, आणि स्पर्धेच्या जागी टेस्टचा काटा असतो त्यावर आधी उभे राहा.

वजन झाल्यावर गटागटा लिटरभर पाणी मारायचं नाही, पोट फुगतं आणि अर्धं लघवीतून जातं. ओआरएस घोट घोट, मग नेहमीचं, कमी तेलकट खाणं.

तिसऱ्या राउंडला पाय जड होतात तेव्हा सगळे स्टॅमिन्याला दोष देतात आणि अजून पळतात. आधी नॉर्मल वजनाच्या दिवशी तीन राउंड स्पारिंग (सरावाची लढत) करा, तेव्हा पाय चालत असतील तर दोष कटचा आहे, रनिंगचा नाही.

"हलक्या गटात पॉवर नसते, नुसते पॉइंट काढा" हे पण डोक्यातून काढा. जपानच्या नाओया इनोऊएने 2021 मधे मायकेल दास्मारिनासला बॅन्टममधे डाव्या हाताच्या बॉडी हुकनेच (बरगडी-पोटावरच्या आडव्या ठोशाने) खाली बसवला, तिसऱ्याच राउंडला. बॉडीवर मारायचं सोडून फक्त डोक्यामागे धावणारे बारके बॉक्सर बघितले की जीव जळतो.

राहिली नावांची भानगड. एकच 115 पाउंडचा गट कोणी सुपर फ्लाय म्हणतं, कोणी ज्युनियर बॅन्टम, त्यामुळे फाइट घेताना नाव नाही, आकडा लिहून घ्या. अमॅच्युअरचे गट तर बदलत राहतात, रिओनंतर ऑलिम्पिकमधून पुरुषांचा 49 किलो गेला, अमित पंघाललाही 52 ला यावं लागलं, आणि पॅरिसला तोच फ्लायवेट 51 चा झाला. एन्ट्री भरायच्या आधी त्या वर्षीची यादी बघाच.